हौशी सायकल संघाची शर्यतीची तयारी: रस्त्यावर आणि डोंगरात

रस्त्यावरची सायकल शर्यत आणि डोंगरातली माउंटन बाइक शर्यत यांत सायकल समान असली, तरी संघाच्या दृष्टीने ते दोन वेगळे खेळ आहेत. रस्त्यावर वारा खेळाडूंना एकमेकांच्या जवळ आणतो, त्यामुळे सहकाऱ्याची मदत प्रत्यक्ष शर्यतीत, जवळजवळ प्रत्येक किलोमीटरला होत असते. डोंगरातल्या अरुंद पायवाटेवर तोच गट काही मिनिटांत विखुरतो आणि तिथे संघाचे बहुतेक काम शर्यत सुरू होण्यापूर्वी किंवा मार्गाच्या कडेला उभे राहून करावे लागते. दोन्ही प्रकारांत उतरणारे हौशी संघ पुष्कळदा नेमके उलटे वागतात: रस्त्यासाठी प्रत्येक जण आपापला सराव करतो आणि डोंगरात मात्र सगळे एकत्र राहण्याचा हट्ट धरतात. पुढील मार्गदर्शन नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळणाऱ्या, पाच ते आठ जणांच्या संघासाठी आहे.

पहिली पायरी: लेखी समजूत

संघाचे कपडे शिवून घेण्याआधी एका कागदावर काही गोष्टी लिहून सर्वांनी मान्य कराव्यात. आठवड्याला प्रत्येक जण सरावासाठी किती तास देऊ शकतो, हंगामातल्या कोणत्या शर्यतींना सगळे येणार आणि कोणत्या ऐच्छिक राहणार, प्रवेशशुल्क व प्रवासखर्च कसा वाटला जाणार आणि बक्षीस मिळाल्यास त्याचे काय करायचे, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण संघ फुटतात ते बहुधा याच प्रश्नांवरून. त्यात आणखी एक कलम आवर्जून असावे. शर्यतीत सहकाऱ्याने आपले चाक दुसऱ्याला काढून दिले आणि ते मोडले, तर भरपाई कोण करणार? हे आधी ठरलेले नसेल, तर मोक्याच्या क्षणी चाक देणारा हात थबकतो.

संघनायक एकच असावा आणि तोच सर्व शर्यतींत प्रमुख असावा, हा समज सोडून द्यावा. कोणत्या शर्यतीत कोणासाठी खेळायचे, हे मार्गावरून ठरले पाहिजे, ज्येष्ठतेवरून नव्हे. लांब चढाच्या शर्यतीत शरीराच्या वजनाच्या प्रमाणात किती ताकद लावता येते हे महत्त्वाचे ठरते, तर सपाट मार्गावर एकूण ताकद आणि हवेला आडवे येणारे अंग किती कमी, याला महत्त्व येते. म्हणून एकाच संघातला सर्वात हलका खेळाडू घाटात नायक आणि मैदानी मार्गावर मदतनीस असणे अगदी स्वाभाविक आहे. कोण कशात चांगला, हे समजण्यासाठी सर्वांनी एकाच चढावर पाच मिनिटांचा आणि पुढे वेगळ्या दिवशी वीस मिनिटांचा पूर्ण जोराचा प्रयत्न करून वेळा लिहून ठेवाव्यात. पॉवर मीटर (पायडलवर लावलेली शक्ती मोजणारे उपकरण) असल्यास उत्तमच, पण एकच रस्ता, सारखे वारे आणि घड्याळ एवढ्यावरही काम भागते. याशिवाय एक नेमणूक वेगाशी संबंध नसलेली असते: शर्यतीत घोळक्याच्या आत राहून परिस्थिती वाचणारा आणि निर्णय सांगणारा माणूस. तो संघातला सर्वात वेगवान नसला तरी चालतो, मात्र दमलेला असताना त्याचे डोके शांत राहिले पाहिजे.

दुसरी पायरी: वाऱ्यात एकत्र चालवायला शिकणे

रस्त्यावरील सांघिक डावपेचांचे मूळ हवेच्या विरोधात आहे. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर खेळाडूच्या ताकदीचा मोठा भाग केवळ हवा बाजूला सारण्यात खर्ची पडतो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग फक्त १० टक्क्यांनी वाढवायचा म्हटला, तरी हवेशी झगडण्यासाठी सुमारे ३३ टक्के जास्त शक्ती लागते. पुढच्याच्या चाकामागे नीट राहणाऱ्याची साधारण पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक मेहनत वाचते. याउलट ताशी १२-१५ किलोमीटरच्या वेगाने चढताना ही बचत फार थोडी उरते, आणि त्यामुळेच संघाने सपाटीवर मेहनतीने राखलेला खेळाडू चढावर एकटा सोडावा लागतो.

हा सराव घोळक्याने सुरू करू नये. प्रथम दोघादोघांनी रिकाम्या सरळ रस्त्यावर एका चाकाएवढे अंतर ठेवून चालवावे आणि सवय झाल्यावर ते अर्ध्या मीटरपर्यंत आणावे. मागच्याने पुढच्याच्या टायरकडे टक लावून न पाहता त्याच्या कमरेच्या व खांद्याच्या पलीकडचा रस्ता पाहावा, कारण टायरकडे पाहणाऱ्याला खड्डा दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. आपले पुढचे चाक पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाच्या बाजूला जाऊ देऊ नये. दोन चाके एकमेकांना घासली तर पुढचा बहुतेक वेळा सावरतो आणि मागचा पडतो. खड्डा, वाळू, वळण आणि थांबणे यांसाठी हाताच्या खुणा व एकेका शब्दाच्या हाका ठरवून घ्याव्यात.

त्यानंतर आळीपाळीने आघाडी घेण्याचा सराव करावा. येथे जवळजवळ प्रत्येक नवा संघ एकच चूक करतो: आघाडीवर आलेला खेळाडू उत्साहाने वेग वाढवतो, त्यामुळे रांगेत फटी पडतात आणि नुकताच आघाडी सोडून मागे जाणारा शेवटचे चाक धरू शकत नाही. नियम असा की आघाडीवर आल्यावर वेग तोच राहतो आणि मागे जाणारा किंचित हळू होतो. आघाडी सोडताना ज्या बाजूने वारा येत असेल त्या बाजूला सरकावे, म्हणजे मागे जाणारी रांग पुढे येणाऱ्या रांगेला आडोसा देते. मागे जाणाऱ्याने शेवटचा सहकारी बाजूने निघून जाण्याची वाट न पाहता त्याचे चाक शेजारी येताच थोडा जोर लावून मागे शिरावे. जो दमला असेल त्याने काही वेळा आघाडी न घेता मागेच राहावे आणि तसे मोठ्याने सांगावे. लाजेपोटी अर्धवट ओढणारा खेळाडू गटाचा वेग अधिक बिघडवतो.

आडव्या वाऱ्याचे प्रकरण वेगळे आहे. तेव्हा आडोसा सरळ मागे न मिळता तिरपा मिळतो आणि खेळाडू रस्त्याच्या रुंदीभर तिरक्या रांगेत पसरतात. रस्त्याच्या रुंदीत जेवढे मावतात तेवढ्यांनाच आडोसा मिळतो. उरलेले कडेला एकामागे एक वारा खात लोंबकळतात आणि काही वेळात तुटतात. म्हणून मोकळ्या माळावर वळणाऱ्या रस्त्याआधी संपूर्ण संघाने पुढे येणे ही त्या दिवसाची सर्वात महत्त्वाची चाल असू शकते. हे शिकण्यासाठी वाऱ्याचा दिवस टाळू नये, मुद्दाम निवडावा.

सरावाचा एक भाग गवताच्या मैदानावरही करावा: हळू वेगात शेजारच्याला खांदा टेकवणे, चालत्या सायकलवरून जमिनीवरची बाटली उचलणे, दाटीतून वळणे. घोळक्यात स्पर्श होताच दचकून ब्रेक दाबणारा खेळाडू सर्वांनाच धोक्यात घालतो, आणि ही दचकण्याची सवय पडले तरी लागत नाही अशा जागीच मोडते.

तिसरी पायरी: रस्त्यावरच्या शर्यतीची योजना

आयोजकांनी दिलेली नियमपुस्तिका आणि मार्गाचा नकाशा सर्वांनी वाचावा, फक्त प्रमुखाने नव्हे. शेवटचे पाच किलोमीटर शक्य असल्यास प्रत्यक्ष चालवून पाहावेत. शेवटचे वळण अंतिम रेषेपासून किती अंतरावर आहे, रस्ता कुठे अरुंद होतो, त्या तासाला वारा साधारण कोणत्या दिशेने वाहतो, याची नोंद करावी. योजना तीन वाक्यांत मावेल एवढीच असावी. उदाहरणार्थ: पहिल्या चढापर्यंत दोघे जण पळून जाणाऱ्या प्रत्येक गटावर लक्ष ठेवतील, मोठ्या गटात आपला एकही माणूस नसेल तर तेच दोघे पाठलाग करतील, बाकीचे हात राखतील, घोळका एकत्र राहिला तर अमुक खेळाडूसाठी शेवटची धाव तयार केली जाईल. याहून गुंतागुंतीची योजना नाडी १७० वर गेल्यावर कोणाला आठवत नाही.

सहकारी पुढे निसटलेल्या गटात असेल, तर उरलेल्यांनी पाठलाग करू नये. मात्र पाठलाग करणाऱ्यांच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर बसून राहावे. आघाडी घेण्यास नकार देणे हा डाव आहे. पुढे जाऊन मुद्दाम ब्रेक दाबणे किंवा आडवे येणे ही घातक गुंडगिरी आहे आणि त्यासाठी बादही केले जाते. घोळक्यात जागा पुढच्या तृतीयांशात धरावी. वळणावर पुढचे थोडेच मंदावतात, पण ती लाट मागे जाता जाता वाढत जाते. शेवटचे खेळाडू जवळजवळ थांबतात आणि मग पूर्ण जोराने पळतात. अशा वीस-तीस वळणांनंतर मागे राहणाऱ्याचे पाय संपलेले असतात, आणि त्याला वाटते की आपली तयारी कमी पडली.

अंतिम धावेसाठी व्यावसायिक संघांसारखी, एकामागे एक राहून शेवटच्याला आडोसा देणारी सहा जणांची आगगाडी उभारण्याचा मोह टाळावा. हौशी पातळीवर दोन भरवशाचे साथी पुरतात: एक जण शेवटच्या एक-दीड किलोमीटरला जागा मिळवून देणारा आणि दुसरा साधारण २०० मीटरपर्यंत वेग टिकवणारा. समोरून वारा असेल तर शेवटची धाव घेणाऱ्याने आडोशातून अधिक उशिरा बाहेर पडावे, पाठीवरून असेल तर लवकर.

यूसीआय म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांनुसार खाणे, पाणी किंवा किरकोळ अवजारे यांची देवघेव कोणाशीही चालते, परंतु चाक किंवा सायकल देणे आणि मागे पडलेल्यासाठी थांबणे फक्त स्वतःच्या संघात चालते. ढकलणे मात्र सर्वांनाच मना आहे. उतारावर सीट सोडून फ्रेमच्या आडव्या दांड्यावर बसून पुढे वाकण्याची पद्धत १ एप्रिल २०२१ पासून बंद झाली आहे, आणि ती नसतानाही उतार वेगाने उतरता येतो.

सांघिक कालचाचणी, म्हणजे संघाने एकत्र सुटून घड्याळाविरुद्ध पळण्याची शर्यत, असल्यास वेळ कितव्या खेळाडूची धरणार हे आधी पाहावे, कारण संपूर्ण योजना त्या आकड्यावर उभी राहते. वेळ चौथ्याची धरणार असेल आणि संघ सहा जणांचा असेल, तर दोघे स्वतःला पूर्ण रिकामे करून बाजूला होऊ शकतात. सर्वात लहान चणीच्या खेळाडूमागे उंच खेळाडू ठेवू नये, त्याला आडोसाच मिळत नाही. ताकदवान खेळाडूने जास्त जोरात नव्हे, तर जास्त वेळ ओढावे: कोणी १५ सेकंद, कोणी ४५, पण वेग एकच. चढावर ज्याची वेळ मोजली जाणार त्या सर्वात दमलेल्या खेळाडूची गती हीच संघाची गती.

चौथी पायरी: डोंगरातली शर्यत

क्रॉस-कंट्री, म्हणजे डोंगरी मार्गाच्या अनेक फेऱ्यांची शर्यत, हा प्रकार १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर त्याची फेरी साधारण ४ ते ६ किलोमीटरची असते आणि प्रौढ गटाची शर्यत सुमारे ८० ते १०० मिनिटे चालते. बऱ्याच हौशी शर्यती याच धर्तीवर, थोड्या लहान असतात. आघाडीच्या खेळाडूच्या फेरीच्या वेळेच्या ८० टक्क्यांहून अधिक मागे पडलेल्यास थांबवण्याची तरतूदही पुष्कळ ठिकाणी असते: फेरी १५ मिनिटांची असेल, तर साधारण १२ मिनिटे मागे पडलेला बाहेर. येथे पुढच्याच्या मागे लपून मिळणारा फायदा नगण्य असतो. मग संघाचा उपयोग काय?

सर्वात मोठा उपयोग मार्गाच्या पाहणीत आहे. संघाने पहिली फेरी सायकलवर नव्हे, तर पायी करावी. सायकलवरून दगड दिसतो. पायी चालताना त्या दगडामागची माती किती सैल आहे, हेही कळते. मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येक कठीण जागा एकेका खेळाडूकडे द्यावी. त्याने तिथे थांबून दोन-तीन रेषा, म्हणजे चाक नेण्याच्या वाटा, तपासाव्यात, इतर संघांचे खेळाडू कोणत्या रेषेने जातात ते पाहावे आणि नंतर सर्वांना एकत्र बोलावून चालवून दाखवावे. प्रत्येक जागेसाठी दोन रेषा निश्चित कराव्यात: एक वेगवान आणि एक सुरक्षित. शेवटच्या फेरीत, हातात जोर नसताना, कोणती निवडायची हे आदल्या दिवशी शांत डोक्याने ठरलेले असावे. ज्या उडीवर किंवा पायरीवर सरावात एकदाही नीट उतरता आले नाही, ती शर्यतीत करून पाहू नये. सायकल खांद्यावर घेऊन पळत उतरण्याने पाच-सात सेकंद जातात, पडण्याने हंगाम जातो. पाऊस पडला तर ही सारी पाहणी पुन्हा करावी, कारण ओल्या मुळांवर कालची रेषा उपयोगाची राहत नाही.

दुसरे काम प्रारंभाचे. रुंद रस्त्यावरून सुटलेला गट लवकरच अरुंद वाटेत शिरतो आणि तिथल्या क्रमाने पुढची अनेक मिनिटे जातात. त्यामुळे पहिल्या दोन-तीन मिनिटांची धाव जवळपास कमाल जोराची असते आणि थंड शरीराने ती झेपत नाही. किमान २० मिनिटे शरीर तापवावे, त्यात काही छोट्या जोरदार धावा असाव्यात, आणि सुरुवातीच्या रांगेत उभे राहीपर्यंत गरम कपडे धरायला सहकारी शेजारी असावा.

तिसरे काम ठरलेल्या मदत-जागांवरचे. बाहेरची मदत फक्त तिथेच घेता येते. पाण्याची बाटली देणाऱ्याने ती वरच्या टोकाला, बोटांच्या चिमटीत धरावी आणि खेळाडूने पकडताच सोडून द्यावी. मुठीत घट्ट धरलेली बाटली हमखास पडते. याचाही सराव करावा लागतो आणि तो जवळपास कोणीच करत नाही. तिथे असलेल्या माणसाने खेळाडूला ओरडून प्रोत्साहन देण्यापेक्षा एक उपयोगी आकडा सांगावा: पुढचा किती सेकंदांवर आहे आणि ते अंतर वाढते आहे की घटते आहे.

सहकाऱ्याची सायकल वाटेत बिघडली तर थांबायचे की नाही, हेही आधी ठरवावे. वैयक्तिक क्रमवारीच्या शर्यतीत, दुखापत नसेल तर थांबू नये, असे माझे मत आहे. प्रत्येकाजवळ मल्टिटूल (अनेक अवजारांचा घडीचा संच), ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरचे भोक बुजवणारा प्लग, हवेचे काडतूस, साखळीचा जोडदुवा आणि एक ट्यूब असली की बहुतेक बिघाड स्वतःच सुटतात. डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, अडकवण्याचा हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, म्हणून तो स्वतःचाच बाळगावा.

जोडीच्या शर्यती

काही बहुदिवसीय डोंगरी शर्यती दोघांच्या जोडीने खेळायच्या असतात. दक्षिण आफ्रिकेतील केप एपिक ही २००४ पासून चालणारी, आठ दिवसांची शर्यत त्यांपैकी प्रसिद्ध आहे; तिथे जोडीदारांना एकमेकांपासून दोन मिनिटांच्या आत राहावे लागते. अशा शर्यतीत वेग हा कमी ताकदीच्या जोडीदाराचा असतो, हे मनापासून स्वीकारल्याशिवाय जोडी टिकत नाही. ताकदवानाने अवजारे व जास्तीचे पाणी स्वतःकडे घ्यावे, सपाट कच्च्या रस्त्यावर वाऱ्यात पुढे राहावे आणि चढावर अर्धे चाक पुढे सरकत राहण्याची खोड सोडावी. त्या खोडीने दमलेल्या माणसाची उमेद खचते. उतारावर मात्र ज्याला उतार चांगला जमतो त्याने पुढे जाऊन रेषा दाखवावी, मग तो चढावर कमकुवत का असेना. “थोडे हळू” हे सांगण्यासाठी एक ठरलेला तटस्थ शब्द असावा, ज्यात विनंतीही नाही आणि तक्रारही नाही.

पाचवी पायरी: सायकली आणि सामान

संघातील सायकलींचे मागचे गिअर, अॅक्सलचा (चाकाच्या आसाचा) प्रकार आणि ब्रेक डिस्कचा व्यास शक्यतो एकसारखे असावेत. अन्यथा सहकाऱ्याचे चाक बसतच नाही किंवा बसून घासत राहते. शर्यतीच्या आठवड्यात एका संध्याकाळी सर्वांची चाके खरोखर अदलाबदल करून पाहावीत. टायरमधील हवेचा दाब प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे वेगळा: डोंगरात २.२५ ते २.४ इंची ट्यूबलेस टायरसाठी २० ते २५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) आसपास सुरुवात करून एकेक पीएसआयने बदल तपासावा. रस्त्यावर २८ मिलिमीटरच्या टायरसाठी बहुतेकांना ६५ ते ८० पुरतात. सापडलेला आकडा वहीत लिहून ठेवावा. शेवटच्या आठवड्यात एकही नवा भाग बसवू नये. सायकल हलकी करण्याच्या खर्चाबद्दल एवढेच सांगतो की व्यावसायिकांनाही ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल वापरता येत नाही. तो पैसा चांगल्या टायरांवर आणि ब्रेक पॅडवर अधिक कामी येतो.

खाण्याचे गणित सोपे आहे. दीड तासाहून लांब शर्यतीत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. अडीच तासांच्या पुढे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांच्या मिश्रणातून ९० ग्रॅमपर्यंत जाता येते, पण पोटाला त्याची सवय सरावातच लावावी लागते. डोंगरात हात मोकळे होत नाहीत, म्हणून तिथे ही मात्रा पाण्यातूनच घेणे बरे. सरावाबाबत, आठवड्यात दोन कठीण दिवस आणि एक सांघिक दिवस पुरेसा आहे. मुख्य शर्यतीच्या एक-दोन आठवडे आधी सरावाचे तास जवळपास निम्मे करावेत, तीव्रता मात्र कमी करू नये.

अपघात झाल्यास

प्रत्येकाच्या रक्तगटाची, औषधांच्या ॲलर्जीची आणि घरच्या संपर्काची नोंद संघासोबत येणाऱ्या एका माणसाकडे असावी. सहकारी जबर पडला आणि उठत नसेल, तर सर्वात जवळच्या खेळाडूने थांबावे आणि मार्शल किंवा वैद्यकीय पथक येईपर्यंत मागून येणाऱ्यांना इशारा देत राहावे. या बाबतीत क्रमांकाचा विचार नाही. डोक्याला मार लागला असेल आणि गोंधळ, चक्कर, मळमळ किंवा विसराळूपणा यांपैकी काहीही दिसत असेल, तर त्या दिवशी तो पुन्हा सायकलवर बसणार नाही. हा निर्णय पडलेल्याने घ्यायचा नसतो, कारण तो नेहमी “मी ठीक आहे” असेच म्हणतो. आपटलेले हेल्मेट वरून अखंड दिसले तरी बदलावे.

सहावी पायरी: शर्यतीनंतरची बैठक

अंतिम रेषेजवळ, घाम वाळण्याआधी, चुकांची चर्चा करू नये. ती दुसऱ्या दिवशी करावी आणि क्रमाने करावी: पहिल्या चढावर कोण कितव्या जागी होता, निर्णायक गट निसटला तेव्हा प्रत्येक जण कुठे होता, मदत-जागेवर काय अडले. “का सोडलेस?” या प्रश्नापेक्षा “तेव्हा तुला काय दिसत होते?” या प्रश्नाने अधिक माहिती मिळते. टायरचा दाब, वारा, निवडलेल्या रेषा आणि खाल्लेले प्रमाण यांची नोंद त्याच वहीत व्हावी, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मार्गावर संघ शून्यापासून सुरुवात करणार नाही. बैठक संपवण्यापूर्वी पुढच्या शर्यतीचा प्रमुख ठरवावा, आणि मागच्या दोन शर्यतींत ज्याने इतरांसाठी वारा खाल्ला त्याला त्याच्या ताकदीला साजेसा मार्ग पाहून ती संधी द्यावी.